मूळ रंग हिरवा

४ जानेवारी

ताई,

अक्षरावरून ओळखलं असशीलच. न वाचता फाडणार असशील तर फाड, पण त्याआधी एवढी एक ओळ वाच. आपली गाडी हिरवी होती.

तू म्हणत होतीस तेच खरं. सत्तावीस वर्षांनी का होईना, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, म्हणून लिहितोय.

पत्ता मामाकडून मिळवला. तो काही केल्या देईना. "तिने मला शपथ घातलीय," म्हणाला. मी दोन तास त्याच्या ओट्यावर बसून राहिलो. शेवटी मामीने एका चिठोऱ्यावर लिहून माझ्या खिशात कोंबला. त्यांच्यावर रागावू नकोस.

मी गाड्या रंगवतो. घरामागच्या शेडमध्येच माझं वर्कशॉप आहे. ज्या गाड्या बनवणाऱ्यांनी कधीच विसरून टाकल्यात अशा जुन्या गाड्या माझ्याकडे येतात. मागच्या महिन्यात एक गृहस्थ आले. उभं आयुष्य जहाजावर गेलेलं, सगळे त्यांना कॅप्टन म्हणतात. टेम्पोला बांधून एक मरून रंगाची गाडी ओढत आणली होती. कुठल्याशा गोदामात पंधरा वर्षं पडून होती, टायर पार जमिनीला चिकटलेले.

"मला ही जन्माला आली त्या रंगात हवीय," ते म्हणाले. "मला आवडतो तो नाही, तुम्हाला आवडतो तो नाही. कारखान्यातून बाहेर पडली तेव्हाचा."

मी मागे जाऊन नंबर वाचला आणि तिथेच उभा राहिलो. आपलाच नंबर. कॅप्टनना काही बोललो नाही.

एरवी रंगाचा आकडा बॉनेटखाली एका छोट्या पत्र्याच्या पट्टीवर कोरलेला असतो. या गाडीला पट्टी नव्हती, रिव्हेटची दोन भोकं तेवढी होती. पडली असेल कधीतरी. गाडीच्या पुस्तकात रंगाच्या रकान्यात लिहिलंय पांढरा. मग एकच उपाय उरतो. दारावर बांगडीएवढी जागा धरायची आणि पाण्याच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने गोल गोल घासत जायचं. मग एकाखाली एक थर कड्यांसारखे उघडतात. आधी मरून आला. त्याखाली राखाडी प्रायमर. मग पांढरा. मी म्हटलं, झालं, आपलीच आठवण बरोबर. तरी हात थांबेना. पांढऱ्याखाली परत प्रायमर आला, हा वेगळा, जाडाभरडा. आणि त्याच्याखाली हिरवा.

फिकट हिरवा, थोडी राखी झाक असलेला. अंगाच्या साबणाच्या वडीला असतो तसा.

मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो, ताई. अण्णा म्हणाले पांढरी, आई म्हणाली पांढरी, मीही पांढरी म्हणालो. मला खरोखर पांढरीच आठवते. माणसाच्या आठवणीचं असं होतं म्हणतात.

आई जाऊन नऊ वर्षं झाली, ते मामाने कळवलं असेल. अण्णा आहेत. अठ्ठ्याहत्तर पूर्ण. वरच्या खोलीत असतात, खिडकीत बसून शेडकडे बघत. डोकं अजून लख्ख आहे.

तुला रंग चांगला आठवत असेल. उन्हात आणि सावलीत कसा दिसायचा ते दोन ओळींत कळवलंस तर मिश्रण जुळवायला मदत होईल.

तुझा,
बारक्या


१९ जानेवारी

ताई,

उत्तर नाही. येणार नाही हे धरूनच चाललो होतो. पत्र परतही आलं नाही, तेव्हा ते तुझ्या घरात आहे असं समजतो.

बाहेरच्या पत्र्यावरचा रंग भरवशाचा नसतो. उन्हाने उडतो, पॉलिशने मरतो. म्हणून काल डॅशबोर्ड सोडवला. काट्यांच्या घड्याळामागे, जिथे ऊन कधीच पोचत नाही, तिथे तळहाताएवढा पत्रा काल रंगवल्यासारखा होता. मी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर रंग कालवून कालवून त्याच्याशी लावून पाहिले. हिरव्यात थोडा काळा, पिवळ्याचा एक थेंब, पांढरा बराच. अकराव्या पट्टीला जुळला. पट्टी पत्र्यावर ठेवली तर कडा दिसेना.

ती पट्टी घेऊन मी वर अण्णांकडे गेलो.

"अण्णा, हा रंग ओळखीचा वाटतो?"

त्यांनी चष्मा लावला, पट्टी हातात घेतली, उलटी केली, परत दिली.

"कुठल्या गाडीचा?"

"आपल्या. खाली उभी आहे ती आपली गाडी आहे."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "आपली गाडी पांढरी होती."

"अण्णा, आता कोण आहे ऐकायला? मी आणि तुम्ही."

"पांढरी होती," ते म्हणाले. "पुस्तकात बघ."

पुस्तकात असणारच. गाड्यांची नोंद करायच्या ऑफिसात हेडक्लार्क कोण होतं? पुस्तक नव्याने लिहून घ्यायला त्यांना कितीसा वेळ लागला असेल!

ताई, मागच्या पत्रात एक गोष्ट मी खोटी लिहिली. मला पांढरी आठवत नाही. हिरवीच आठवते. त्या रविवारी दुपारी आपण तिला जुन्या गावच्या डॉक्टरांकडून आणली, तेव्हा मागच्या सीटवर तू डावीकडे होतीस, मी उजवीकडे. बदली होऊन आपल्याला इथे तीनच महिने झाले होते. क्लार्कने गाडी घेतली म्हणून ऑफिसात बोभाटा नको, असं म्हणून अण्णांनी ती सरळ शेडमध्ये घातली आणि वर कव्हर टाकलं. सगळी गल्ली दुपारची झोपलेली. त्यामुळे तिचा रंग आपल्या चौघांशिवाय कोणी धड पाहिलाच नाही.

गुरुवारी पोस्टमनकाकांना तळ्याकाठच्या रस्त्यावर गाडीने उडवलं. पुढच्या रविवारपर्यंत आपली गाडी पांढरी झाली होती. काका शुद्धीवर न येताच अकराव्या दिवशी गेले. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने हिरवी गाडी जाताना पाहिली होती, म्हणून हवालदार गावातली प्रत्येक गाडी बघत आपल्याकडे आला. शेडमध्ये फिनेल ओतून ठेवलं होतं, ताज्या रंगाचा वास मारायला. त्याने कव्हर उचललं, पुस्तक पाहिलं, निघाला. तेवढ्यात तू दारात येऊन म्हणालीस, "रविवारी आणली तेव्हा हिरवी होती."

एवढंच. शांतपणे. मला तुझा आवाज आठवतो.

हवालदार माझ्याकडे वळला. "काय रे, बहीण काय म्हणते तुझी?"

मी नुसतं "पांढरी होती" म्हणालो असतो तरी चाललं असतं. पण मी म्हणालो, "तिला रंग कळत नाहीत. लहानपणापासूनच."

हे मला कोणी शिकवलं नव्हतं. अण्णांनीही नाही. त्यांनी फक्त मान हलवली. आईने पदर तोंडाला लावला.

तू तेव्हा चित्रकलेच्या दुसऱ्या वर्षाला होतीस. ही गोष्ट आठवड्यात कॉलेजात पोचली. मग तुझ्या सरांनी सगळ्या वर्गासमोर लोकरीच्या गुंड्या मांडून तुझी परीक्षा घेतली. तू सगळ्या बरोबर लावल्यास, आणि तरी मुलं हसायची. मला हे सगळं तेव्हाच कळलं होतं. महिन्याभरात तू मामाकडे गेलीस.

अण्णांनी त्या दिवशी गाडी नेली नसती तर, असं मी किती वेळा मनात म्हटलं असेल.

पुढचा डावा मडगार्ड अजून उघडलेला नाही. तिथे पुट्टी फार जाड आहे. उद्या बघतो.

बारक्या


६ फेब्रुवारी

ताई,

उद्या बघतो म्हणालो होतो आणि अठरा दिवस मी त्या मडगार्डला हात लावला नाही. कॅप्टनचे दोन फोन आले. त्यांना सांगितलं, थंडीत रंग बसत नाही. ते जहाजावरचे, त्यांना खरंही वाटलं.

आज सकाळी शेडचं दार आतून लावून बसलो.

खराब पत्रा आधी ठोकून सरळ करतात आणि मग राहिलेला खळगा पुट्टीने भरतात. ज्याला ठोकता येत नाही तो सगळा खळगा पुट्टीनेच भरतो. इथे बोटभर जाड थर होता. मी गरम हवेने तो सैल केला आणि पातीने उचलला, तशी एक मोठी खपली अखंड निघून आली. तिच्याखाली उरलेल्या पुट्टीवर बोटांचे ठसे होते. पातं न वापरता बोटांनी दाबून भरलेली. चार बोटं, बारीक.

मी माझा हात त्यावर ठेवला. आता बसत नाही. तेव्हा बसला असता.

ती पुट्टी मी भरली होती, ताई. दार घासलं ते मी. बॉनेटखालची पट्टी स्क्रू-ड्रायव्हरने उचकटून तळ्यात टाकली ती मीच, आणि तुला लिहिलं की पडली असेल. अण्णांनी लांबच्या गावातून फवारायचं यंत्र आणलं होतं, कपाटं रंगवायचीत असं सांगून. मला ताप आल्याची चिठ्ठी शाळेत गेली. तीन दिवस आम्ही दोघं दार लावून भर दुपारी त्या शेडमध्ये होतो. अण्णांच्या हाताला कंप सुटायचा, रंगाचे ओघळ यायचे. माझा हात स्थिर होता. "तुझा हात चांगला आहे रे," ते म्हणाले. माझी तारीफ त्यांनी आयुष्यात तेवढी एकदाच केली. तू समोरच्या खोलीत होतीस. आईने तुला बाहेरून कडी घातली होती, अभ्यास कर म्हणून. आज लोक लांबून माझ्याकडे गाड्या आणतात, माझा हात चांगला आहे म्हणतात. मी हे काम तिथे शिकलो.

खळग्यात, हिरव्या रंगावर, एक लाल ओरखडा आहे. वीतभर लांब. मी तेव्हा घाईत तो न पुसताच वर पुट्टी लिंपली. पोस्टखात्याच्या सायकली लाल असायच्या.

आता उरलंय ते लिहितो. तीन वेळा कागद बदललाय.

गाडी अण्णा चालवत नव्हते. मी चालवत होतो.

मीच त्यांच्या मागे लागलो होतो, एकदा, फक्त तळ्यापर्यंत. ते शेजारी बसले. वळणावर काका समोरून आले. माझा पाय ब्रेकवर जायचा तो दुसरीकडे गेला. सायकल पुढे आपटली, पिशवी उडाली, पत्रं रस्ताभर झाली. अण्णा ओरडले, "थांब!" आणि लगेच म्हणाले, "थांबू नकोस." दोन्ही एकाच श्वासात. मी दुसरं ऐकलं. आरशात पाहिलं तेव्हा काका उठायचा प्रयत्न करत होते. म्हणजे ते जिवंत होते. आम्ही थांबलो असतो तर दवाखाना तिथून दहा मिनिटांवर होता. ते संध्याकाळपर्यंत गटाराच्या कडेला पडून होते.

इतकी वर्षं तू अण्णांना गुन्हेगार समजत आलीस. त्यांनी ते अंगावर घेतलं. तुझ्यासमोर, आईसमोर, सगळ्यांसमोर. आईलाही शेवटपर्यंत तेच वाटत होतं. तिने त्यांच्याशी नऊ-दहा वर्षं धड बोलणं टाकलं, जेवायला वाढताना ताट आपटायची, आणि मला मात्र जवळ घ्यायची. अण्णा मुकाट जेवायचे. मीही.

माफी मागत नाही. मागायला तोंड नाही.

बारक्या


२१ फेब्रुवारी

ताई,

आधी कॅप्टनना सांगितलं. त्यांना मडगार्ड दाखवला, सगळं सांगितलं. ते स्टुलावर बसले. बराच वेळ टोपी हातात फिरवत होते.

"मला रंग हवा होता हो," ते म्हणाले. "एवढं नको होतं."

"गाडी घेऊन जाता?"

"नाही. हिरवीच करा." मग उठताना म्हणाले, "तो मडगार्ड मात्र ठेवून घ्या. मी दुसरा शोधतो. हा लावून मला ती चालवता यायची नाही."

मडगार्ड चादरीत गुंडाळून मी पोलीस ठाण्यात नेला. टेबलामागे एक तरुण अधिकारी होता, तेव्हा जन्मलाही नसेल. त्याने सगळं ऐकून घेतलं, चहाही मागवला. मग रेकॉर्ड रूममध्ये माणूस पाठवला. माणूस अर्ध्या तासाने आला आणि नुसते हात झटकले. त्या वर्षीची कागदपत्रं पाण्यात भिजली, पुढे नष्ट केली. नोंदवहीत एक ओळ तेवढी उरली होती.

"तुमचं वय किती होतं?" अधिकाऱ्याने विचारलं.

"सतरा."

"म्हणजे अल्पवयीन. आणि केस तर अपघाती मृत्यू म्हणून बंद झालेली. सायकलवरून पडून." त्याने पेन ठेवलं. "काका, घरी जा. वडिलांना सांभाळा."

"माझा जबाब तरी लिहून घ्या."

"अर्ज द्या. आवक-जावकला."

दिला. शिक्का मारून एक प्रत मला दिली. मडगार्ड ठेवून घ्या म्हटलं तर म्हणाला, "भंगार इथे नका ठेवू, आधीच जागा नाही." मी तो परत घरी आणला.

मग पोस्टात गेलो. कॉलेजात तुझ्या बाकावर बसायची ती, पोस्टमनकाकांची मुलगी, तिला वडिलांच्या जागी पोस्टात घेतलं होतं. अजून तिथेच आहे, रजिस्टरच्या खिडकीत. इतक्या वर्षांत मी त्या पोस्टाची पायरी चढलो नव्हतो. पत्रं टाकायला पार स्टेशनपर्यंत जायचो. रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आली तेव्हा तिने वर न बघता हात पुढे केला, आणि मी शिक्का मारलेली प्रत तिच्या हातात दिली.

तिने वाचलं. पान उलटलं. परत पहिल्यापासून वाचलं. मागून कोणीतरी ओरडलं, "अहो, झालं का?" तिने खिडकीवर "बंद" ची पाटी लावली आणि मला बाजूच्या दाराने आत बोलावलं. टपालाच्या गोण्यांच्या खोलीत आम्ही उभे होतो.

"आई चार वर्षांपूर्वी गेली," ती म्हणाली. "ती मरेपर्यंत लोक म्हणायचे, प्यायला असेल, म्हणून गटारात पडला. माझे बाबा थेंबालाही शिवत नसत. शेवटी शेवटी आईसुद्धा मला विचारायची, 'खरंच घेत होते का गं?'"

तिने एक गोण बाजूला सरकवली.

"तुझ्या बहिणीने मला त्याच आठवड्यात सांगितलं होतं, गाडी हिरवी होती. माझा अर्धा विश्वास बसला होता. मग तू म्हणालास तिला रंग कळत नाहीत. सगळे तेच म्हणायला लागले. गाव सोडायच्या आदल्या दिवशी ती आमच्या दारात आली होती. आईने उघडू दिलं नाही. मी आतून कडी धरून उभी होते. ती दारापलीकडून म्हणत होती, 'एकदा ऐकून घे, फक्त एकदा.' किती वेळ म्हणत होती. मी कडी सोडली नाही."

"चूक माझी आहे. तुझी नाही," मी म्हणालो.

"ते मला कळतं. पण कडी मीच धरली होती ना?"

ती रडली नाही. कागदाची घडी घालून मला परत द्यायला लागली. मी म्हटलं, तुझ्याकडे राहू दे. ती म्हणाली, "मी काय करू याचं? आई असती तर तिला वाचून दाखवला असता." आणि घडी माझ्या खिशात घालून ती परत खिडकीवर गेली.

कडीचं तुला सांगायला तिने मला सांगितलेलं नाही. पण तुला कळायला हवं असं मला वाटलं. तू दारापलीकडे उभी होतीस तेव्हा अलीकडेही कोणीतरी उभं होतं.

अण्णा आता फार दिवसांचे नाहीत. मागतोय ते चूक आहे, कळतंय. तरी, एकदा येशील? माझ्यासाठी नको. मी घराबाहेर राहीन त्या दिवशी.

बारक्या


१५ मार्च

ताई,

तुझं कार्ड मिळालं. तू लिहू नकोस म्हणालीस, तर हे शेवटचं. उत्तर द्यायचं म्हणून लिहीत नाही. ज्या गोष्टीला तू आमच्या घरात एकटीने साक्ष दिलीस, तिचं पुढे काय झालं ते तुला ठाऊक असावं, एवढ्यासाठी.

तुझ्या चार ओळी मला पाठ झाल्यात. "तू चालवत होतास हे मला त्याच दिवशी कळलं होतं. तू हात धूत होतास आणि नळ बंद करायचं विसरला होतास. म्हणून मी फक्त रंग सांगितला, कोण ते सांगितलं नाही. तेवढ्याला तरी तू हो म्हणशील असं वाटलं होतं. आता लिहू नकोस, मी येणार नाही."

मी सगळं कबूल केलं असं वाटत होतं मला. तू माझ्यासाठी दार किलकिलं ठेवलं होतंस आणि मी ते तुझ्याच बोटांवर आपटलं, हे मला कार्ड येईपर्यंत माहीत नव्हतं.

गाडी झाली. कॅप्टनना दुसरा मडगार्ड मिळाला. मी सगळा पत्रा उघडा केला, सगळे थर उतरवले, मरून, पांढरा, सगळे. प्रायमर, घासणं, परत प्रायमर. मग तो हिरवा, चार हात. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात स्वच्छ काम. कुठे ओघळ नाही, कण नाही. काम संपल्यावर मला काही बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. एक गाडी रंगवून झाली, एवढंच.

मंगळवारी सकाळी तिला उन्हात काढलं, रंग तपासायला. कॅप्टन यायचे होते. मी वाकून दाराची कड बघत होतो, तेवढ्यात जिन्यावर काठीचा आवाज आला. अण्णा चार महिन्यांत खाली उतरले नव्हते. एकटेच उतरले. पायात चप्पल नव्हती. अंगणाच्या पायरीवर येऊन ते गाडीकडे बघत थांबले.

मला वाटलं, आता तरी म्हणतील. हिरवी होती, एवढे दोन शब्द. मी वाट बघितली.

ते माझ्याजवळ आले. माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की त्या हातात तेवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"कव्हर टाक तिच्यावर," हळूच म्हणाले. "लवकर टाक. तुला घेऊन जातील रे."

"अण्णा, मीच जाऊन आलो ठाण्यात. सगळं सांगून आलो."

"वेडा आहेस का तू?" मी सतरा वर्षांचा असताना शेडमध्ये पाहिला होता तसाच त्यांचा चेहरा झाला. "काय सांगितलंस? मी चालवत होतो असं सांग. मी जातो. माझं नाव सांग."

ताई, मी सांगत होतो, कोणी नेणार नाही, फाईलच उरलेली नाही, त्यांना आपण नकोच आहोत. त्यांना ते पटेना. ते स्वतःच शेडमध्ये गेले आणि कोपऱ्यातलं कव्हर ओढायला लागले. ते जड असतं, एका माणसाला झेपत नाही. अर्धं ओढल्यावर धाप लागून खाली बसले.

मग मी दुसरं टोक धरलं. का धरलं ते विचारू नकोस. आम्ही दोघांनी मिळून ती झाकली. ताज्या रंगावर कव्हर टाकायचं नसतं, हे मला झोपेतही माहीत आहे. बॉनेटवर कापडाची वीण उमटली. तेवढं बॉनेट मला परत घासून रंगवावं लागलं.

शुक्रवारी कॅप्टन गाडी घेऊन गेले. जाताना त्यांनी हॉर्न वाजवला नाही, हात केला नाही. फाटकातून हळूच बाहेर काढली आणि वळणावर दिसेनाशी झाली. मडगार्ड शेडच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवलाय. कुणाला द्यायचा ते मला कळत नाही.

पोस्टात मी एकदा गेलो होतो, पाकिटं घ्यायला. ती खिडकीत होती. तिने पाकिटं दिली, सुटे परत दिले, आणि पुढच्या माणसाकडे बघितलं. तुझा पत्ता तिने विचारला नाही. मीही दिला नाही. तो द्यायचा हक्क माझा नाही.

अण्णा परत वर गेले ते उतरले नाहीत. आता बिछान्यातून उठत नाहीत. खिडकी बंद करायला लावली आहे. मी सकाळी त्यांना अंघोळ घालतो, दाढी करतो, भात कालवून भरवतो. ते खातात कमी. पण फाटकाची कडी वाजली की मान उचलतात. दूधवाला असो, शेजारीण असो, वारा असो. माझ्या हातातला घास तसाच राहतो आणि ते विचारतात, "आले का?"

आज दुपारी पण विचारलं.

मी त्यांचं तोंड पुसलं, उशी सरळ केली. म्हटलं, "नाही अण्णा. कोणीच येणार नाही."

बारक्या